जमिनीतील चुनखडी : कॅल्साइट खनिजाचे गुणधर्म, आढळ आणि एक महागडा गैरसमज

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून देशभर दिली जात आहे. तिच्यात सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन अशा बारा घटकांची नोंद असते. मुक्त चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, रकाना या बारांमध्ये नाही. संत्रा, मोसंबी, द्राक्ष किंवा डाळिंब यांची लागवड करू इच्छिणाऱ्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकऱ्यासाठी मात्र हा तेरावा आकडाच पुष्कळदा निर्णायक ठरतो. तो माहीत नसताना लावलेली बाग सुरुवातीची काही वर्षे चांगली दिसते. पुढे मुळे खालच्या चुनखडीच्या थरापर्यंत पोहोचली की पालवी पिवळी पडू लागते. मग ‘चुनखडी विरघळवणारी’ उत्पादने, गंधक, जिप्सम, आम्ल यांवर वर्षानुवर्षे खर्च होत राहतो. या खर्चातील बराचसा भाग व्यर्थ का जातो, हे समजण्यासाठी आधी या खनिजाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

खनिजाची ओळख

जमिनीत आढळणारी चुनखडी ही मुख्यत्वे कॅल्साइट या खनिजाची बनलेली असते. कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन यांचे हे संयुग शुद्ध स्थितीत रंगहीन किंवा पांढरे असते. लोह व मँगनीज यांच्या अंशामुळे त्याला पिवळसर, तपकिरी किंवा गुलाबी छटा येते. मोहच्या मापश्रेणीत त्याचे काठिण्य ३ आहे आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७१. शेतकऱ्याच्या दृष्टीने काठिण्याचा हा आकडा उपयोगाचा आहे. नखाने कॅल्साइटवर ओरखडा उमटत नाही, पण चाकूच्या टोकाने सहज उमटतो. शेतात पांढरे खडे दिसले की ते चुनखडीचेच असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळसे गारगोटीचे असतात. गारगोटीचे काठिण्य ७ असल्याने तिच्यावर चाकू नुसता घसरतो.

कॅल्साइटचा स्फटिक फोडला असता तो तीन ठरावीक दिशांनीच फुटतो आणि प्रत्येक तुकडा तिरप्या ठोकळ्यासारखा दिसतो. असा पारदर्शक तुकडा छापील मजकुरावर ठेवल्यास प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. आइसलँडमधून आलेल्या स्फटिकांतील हा चमत्कार डेन्मार्कचे रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये प्रसिद्ध केला. शेतीशी त्याचा संबंध नाही, परंतु शाळेतील मुलांना दाखविण्यासारखा हा प्रयोग आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये विहीर खोदताना किंवा दगडखाणीत असे स्फटिक कधीकधी हाती लागतात. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर व पुणे या परिसरांतील खडकांच्या पोकळ्यांत ते झिओलाइट खनिजांच्या सोबतीने आढळतात.

रासायनिक घटक तेच, पण स्फटिकरचना वेगळी असलेले भावंड म्हणजे आरागोनाइट; अनेक शिंपल्यांमध्ये ते असते. कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असलेले डोलोमाइट हे जवळचे नातेवाईक होय. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट लगेच फसफसते. डोलोमाइटचा अखंड तुकडा थंड आम्लात जेमतेम बुडबुडे सोडतो. त्याची पूड केली की ते अधिक स्पष्ट दिसतात.

पाऊस आणि चुनखडी

शुद्ध पाण्यात कॅल्साइट जवळजवळ विरघळतच नाही. २५ अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण १४ मिलिग्रॅम एवढेच. परंतु पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळला की चित्र बदलते. अशा पाण्यात कॅल्साइटचे विद्राव्य बायकार्बोनेट बनते आणि पाण्याबरोबर वाहू लागते. पाणी उडून गेले, तापले किंवा त्यातील वायू निघून गेला की तेच बायकार्बोनेट पुन्हा कॅल्साइट होऊन बसते. किटलीच्या तळाचा पांढरा थर, ठिबकच्या तोंडाशी जमणारी पुटे, मेघालयातील मॉसमाई वा आंध्र प्रदेशातील बोर्रा गुहांतील लोंबते स्तंभ आणि काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडे, या सर्वांच्या मुळाशी हीच एक उलटसुलट चालणारी क्रिया आहे.

जमिनीतील हवेत मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वातावरणापेक्षा अनेक पटींनी अधिक असते. पावसाचे पाणी तो घेऊन खाली जाते. बेसाल्टमधील खनिजांच्या विदारणातून सुटलेले कॅल्शियम त्याच्यासोबत उतरते. ज्या खोलीवर पाणी थांबते आणि सुकते, तेथे चुनखडीचा थर तयार होतो. म्हणून मराठवाडा, विदर्भाचा पश्चिम भाग, सोलापूर, अहिल्यानगर या कमी ते मध्यम पावसाच्या प्रदेशांत चुनखडी जमिनीतच राहते. कोकणात तोच बेसाल्ट असूनही कॅल्शियम धुऊन निघून जाते आणि मागे जांभा उरतो.

सर्वच चुनखडी अशी जागेवर तयार झालेली नसते. उत्तर बिहारमधील गंडक नदीचा गाळ हिमालयातील कार्बोनेटी खडकांतून चुना घेऊनच येतो. समस्तीपूर, मुझफ्फरपूर, चंपारण या भागांतील नव्या गाळाच्या जमिनींत मुक्त चुना १० टक्क्यांहून पुष्कळ अधिक आढळतो. सौराष्ट्राच्या किनारपट्टीत मिलिओलाइट नावाचा चुनखडक जमिनीखाली आहे. राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात आणि गंगेच्या मैदानातील जुन्या गाळात तिला कंकर म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना आणि यवतमाळमधील वणी परिसरात सिमेंट उद्योग उभा आहे तो तेथील प्राचीन चुनखडकावर, तर मकराण्याचा संगमरवर म्हणजे उष्णता व दाबाखाली नव्याने स्फटिकलेला चुनखडकच होय.

जेथे पाऊस चुना धुऊन नेतो तेथे हेच खनिज विकत आणावे लागते. ईशान्य भारत, झारखंड, ओडिशा, केरळ येथील आम्ल जमिनींत पेरणीच्या वेळी सरीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल चुना देण्याची शिफारस आहे. मेघालयात एकाच जिल्ह्यात चुनखडकाच्या खाणी आणि चुन्याला भुकेलेली शेते दोन्ही पाहावयास मिळतात. खरेदी करताना लक्षात ठेवावे की शुद्ध कॅल्साइटची उदासीनीकरण क्षमता १०० धरली, तर डोलोमाइटची सुमारे १०९, विरलेल्या चुन्याची १३५ आणि भाजलेल्या कळीच्या चुन्याची १७९ असते. पूड जितकी बारीक तितका परिणाम लवकर. जाड भरड कितीही स्वस्त मिळाली तरी त्या हंगामात तिचा फारसा उपयोग होत नाही.

बारीकपणाचा हा नियम चुनखडीयुक्त जमिनींनाही लागू पडतो, फक्त उलट बाजूने.

दिसते ती आणि न दिसणारी

शेतात विखुरलेले चुनखडीचे कठीण खडे डोळ्यांत भरतात, पण पिकाला खरा त्रास देते ती मातीच्या कणांत मिसळलेली पिठासारखी चुनखडी. सुपारीएवढ्या खड्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने नगण्य असतो. तेवढ्याच वजनाच्या पिठाचा पृष्ठभाग हजारो पट मोठा. मुळांशी आणि खतांशी क्रिया या पृष्ठभागावरच होते. या बारीक भागाला सक्रिय चुना म्हणतात. दोन शेतांत एकूण चुना १२ टक्केच असला, तरी एकात तो खड्यांच्या आणि दुसऱ्यात पिठाच्या रूपात असेल, तर दोन्ही शेतांतील बागा सारख्या वागत नाहीत.

यातून प्रयोगशाळेच्या आकड्याविषयीही एक सावधगिरी निघते. मातीचा नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला जातो. मोठे खडे वर राहिले तर ते आकड्यात येत नाहीत. नमुना कुटताना ते फुटून चाळणीखाली गेले तर आकडा फुगतो. म्हणून नमुना देतानाच खडे हाताने वेचून त्यांचे प्रमाण वेगळे नोंदवावे आणि मुक्त चुन्याच्या चाचणीची स्वतंत्र मागणी करावी. मागितल्याशिवाय ती होईलच असे नाही.

शेतातली प्राथमिक तपासणी विस्तार कार्यकर्त्याला स्वतः करता येते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग नऊ भाग पाण्यात घालावा. आम्ल पाण्यात घालावयाचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे व चष्मा हवाच. खडे वेचून टाकलेल्या मातीच्या ढेकळावर दोन थेंब सोडावेत. काहीच झाले नाही तर मुक्त चुना नाही. कानाशी धरल्यावर बारीक चरचर ऐकू आली, पण डोळ्यांना दिसले नाही, तर २ टक्क्यांपर्यंत. बुडबुडे स्पष्ट दिसले तर २ ते १०. फेसाचा पातळ थर जमला तर १० ते २५, आणि दाट फेस उसळला तर त्याहून अधिक. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. तरीही प्रयोगशाळेत कोणता नमुना पाठवावा हे ठरविण्यास तो पुरेसा असतो.

जमिनीच्या पृष्ठभागावरील पांढरा थर प्रत्येक वेळी चुनखडीचा नसतो. चिमूटभर पदार्थ पाण्यात टाकावा. विरघळला तर ते क्षार आहेत. तळाशी राहिला आणि आम्लात फसफसला तर चुनखडी.

चुनखडी, चोपण आणि जिप्सम

चुनखडीयुक्त जमीन आणि चोपण जमीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत हे चुकीच्या खर्चाचे सर्वांत मोठे कारण आहे. कॅल्साइट वातावरणातील हवेशी समतोलात असताना सामू साधारण ८.३ च्या आसपास राहतो, आणि जमिनीतील अधिक कार्बन डायऑक्साइडमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा कमीही असतो. केवळ चुनखडीमुळे सामू ९ होत नाही. सामू ८.५ च्या वर गेला असेल तर विनिमययोग्य सोडियमची शंका घ्यावी आणि त्याची चाचणी करावी. जिप्सम हे औषध सोडियमवरचे आहे. कॅल्शियम देऊन सोडियमला चिकणमातीच्या कणांवरून हटविणे हे त्याचे काम. चुनखडीवर जिप्सम टाकणे म्हणजे कॅल्शियमच्या घरी आणखी कॅल्शियम पाठविणे होय. त्याने चुनखडी कमी होत नाही, उलट तिचे विरघळणे मंदावते.

काही काळ्या जमिनींत दोन्ही दोष एकत्र आढळतात आणि त्यामागेही कॅल्साइटच आहे. मातीतील द्रावणातून कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडत गेले की उरलेल्या द्रावणात सोडियमचा वाटा वाढतो, चिकणमाती विखुरते आणि निचरा मंदावतो. अशा ठिकाणी मात्र जमिनीतील चुनखडी ही ठेव ठरू शकते. गंधक, उसाची मळी, धैंचाचे हिरवळीचे खत यांपासून तयार होणारी आम्ले व कार्बन डायऑक्साइड तिच्यातून कॅल्शियम मोकळे करतात आणि तेच सोडियमला हटविते. निचऱ्याची सोय नसेल तर हटविलेले सोडियम जाणार कोठे, हा प्रश्न तेवढा आधी सोडवावा लागतो.

हिशेब करून पाहू

आता गंधकाने किंवा आम्लाने चुनखडी संपविण्याचा प्रश्न. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २२,४०,००० किलो धरतात. तिच्यात केवळ १ टक्का चुनखडी असेल तर ती २२,४०० किलो भरते. रासायनिक प्रमाणानुसार १०० किलो कॅल्साइट निष्प्रभ करण्यास ३२ किलो गंधक लागते. म्हणजे एका टक्क्यासाठी हेक्टरी सुमारे ७ टन आणि १० टक्के चुनखडीसाठी सुमारे ७२ टन. एकरी ५० किलो गंधक टाकणारा शेतकरी हेक्टरी १२५ किलो टाकतो. त्याने ३९० किलो चुनखडी संपते. टक्केवारीत हा बदल ०.०२ पेक्षाही कमी आहे, आणि तोही फक्त वरच्या वीतभर थरातला. कोणत्याही बाटलीतील द्रावण या हिशेबाच्या बाहेर जाऊ शकत नाही. विक्रेत्याला विचारावयाचा प्रश्न एकच : आपल्या उत्पादनाच्या एका लिटरने किती किलो चुनखडी निष्प्रभ होते?

याचा अर्थ गंधक निरुपयोगी आहे असा नाही. तेलबियांना व कडधान्यांना ते अन्नद्रव्य म्हणून हवे असते. खतासोबत ओळीत दिल्यास मुळांजवळच्या लहानशा पट्ट्यात काही काळ सामू उतरतो आणि स्फुरद, लोह, जस्त अधिक मिळते. उद्देश मुळांभोवतीची जागा सुधारण्याचा असावा, संपूर्ण शेत बदलण्याचा नव्हे.

पाण्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट असेल आणि वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाणी दिले, तर पुरेसे कॅल्शियम असल्यास हेक्टरी सुमारे १,२५० किलो नवी चुनखडी जमिनीत साठू शकते. येथे प्रमाण आवाक्यात असल्याने पाण्याच्या तपासणीनुसार ठिबकमधून आम्ल देण्यास अर्थ आहे. उन्हात तापलेल्या नळ्यांमध्ये कॅल्साइट लवकर बसते, त्यामुळे ठिबकचा संचही त्याने मोकळा राहतो.

केवडा का पडतो

चुनखडीयुक्त जमिनीत लोह नसते असे नाही, भरपूर असते. सामू एका अंकाने वाढला की द्रावणातील फेरिक लोहाचे प्रमाण हजारपटीने घटते, हे एक कारण. दुसरे म्हणजे लोह विरघळविण्यासाठी मुळे जे आम्ल सोडतात, ते बायकार्बोनेट लगेच निष्प्रभ करते. पानात पोहोचलेले लोहही पुष्कळदा निष्क्रिय पडून राहते. म्हणूनच पिवळ्या पानाच्या पृथक्करणात लोहाचा आकडा पुरेसा दिसला तरी त्यावर विसंबू नये. लक्षण प्रथम कोवळ्या पानांवर येते : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पुढे पांढरट. सौराष्ट्रातील भुईमूग, मराठवाड्यातील ऊस व सोयाबीन यांवर हे चित्र परिचयाचे आहे.

संततधार लागून जमिनीत वाफसा येत नाही तेव्हा केवडा वाढतो आणि वाफसा आला की पीक पुष्कळदा आपोआप हिरवे होते, हे अनेकांनी पाहिले असेल. पाण्याने भरलेल्या जमिनीत कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि बायकार्बोनेट वाढते. त्यामुळे पाणी मोजके देणे व निचरा करणे हा केवड्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. नुसते फेरस सल्फेट जमिनीत टाकणे हा सर्वांत निष्फळ. ते शेणखतात मुरवून द्यावे किंवा अल्प सायट्रिक आम्लासह ०.५ टक्के द्रावणाची फवारणी करावी. चिलेटयुक्त लोह घेताना वेष्टनावरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकार सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतो. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारच उपयोगी पडतो, आणि तो महाग आहे.

जस्ताचीही हीच गत होते. तराई भागातील भाताच्या ‘खैरा’ रोगामागे जस्ताची कमतरता आहे, हे पंतनगर येथे १९६६ मध्ये डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले. त्यापूर्वी त्यामागे रोगजंतू शोधले जात होते. स्फुरद कॅल्शियमशी बद्ध होते, म्हणून ते फेकून न देता ओळीत व सेंद्रिय खतासोबत द्यावे. युरिया आणि अमोनियम सल्फेट पृष्ठभागावर पडू दिल्यास अमोनिया उडून जातो. ते मातीआड करावे.

लागवडीपूर्वी

फळबागेचा निर्णय वरच्या वीतभर मातीवरून घेऊ नये. एक मीटरहून खोल खड्डा घ्यावा, दर ३० सेंटिमीटरला आम्लाचा थेंब टाकावा आणि प्रत्येक थराचा नमुना वेगळा पाठवावा. संत्रा-मोसंबीसाठी मुक्त चुना सामान्यतः १० टक्क्यांच्या आत असावा असे मानतात. जमीन सपाट करताना किंवा शेततळे खोदताना यंत्राने वर आलेली पांढरट माती शेतात पसरणे टाळावे. कित्येक चांगल्या शेतांचे नुकसान चुनखडीने नव्हे, तिला वर आणणाऱ्या खोदाईने झाले आहे.

थर उथळ असेल आणि बाग करावयाचीच असेल, तर निवड खुंटाची करावी लागते. फ्रान्समध्ये फायलोक्सेरा किडीनंतर आणलेले अमेरिकी द्राक्षखुंट कोन्याक परिसरातील चुनखडीत पिवळे पडू लागले, तेव्हा तेथील सरकारने १८८७ मध्ये पिएर व्हियाला यांना अमेरिकेत धाडले. त्यांनी टेक्सासच्या चुनखडीत वाढणाऱ्या बर्लांडिएरी या रानवेलीची शिफारस केली. महाराष्ट्रात वापरला जाणारा ११० आर हा खुंट याच बर्लांडिएरीच्या संकरातून आला आहे. रोपवाटिकेत खुंटाची चौकशी करताना क्षार सहन करण्याची क्षमता आणि चुनखडी सहन करण्याची क्षमता हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.